मुलांसाठी मॉनिटर घेताना: कोकणातल्या पालकांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी मालवण तालुक्यात मुलांचा कॉम्प्युटर क्लास चालवते, जोडीला दुरुस्तीही करते. दहावीचा निकाल लागला की, आणि पुन्हा गणपतीत चाकरमानी घरी आले की, घरोघरी एकच विषय निघतो: पोरांना कॉम्प्युटर घ्यायचाय, तर मॉनिटर कुठला घेऊ? "माका त्यातला काय एक कळणा नाय, तुमीच काय तां सांगा," असं म्हणत माणसं समोर बसतात. त्यांना जे सांगते तेच इथे लिहिलंय. दुकानातल्या पाटीवर नसलेल्या दोन गोष्टी आपल्याकडे सगळ्यात आधी बघाव्या लागतात. एक, त्या स्क्रीनवर मुलाचं मराठी पुस्तक नीट वाचता येतं का. दुसरी, आपल्या घरातली हवा आणि वीज त्या मॉनिटरला सोसेल का.

घरात मोबाइल आहे, टॅबही आहे. मग मॉनिटर कशाला?

2020 साली शाळा बंद होत्या तेव्हा मुलं हातभर अंतरावरही न धरता, नाकाला लावून मोबाइलवर वर्ग करत होती. मान वाकलेली, डोळे बारीक केलेले. मॉनिटर जागेवर राहतो, मूल त्याच्यापासून लांब बसतं, आणि घरातल्या माणसांना मूल काय बघतंय ते येता-जाता दिसतं. या तिसऱ्या कारणासाठीच मी मॉनिटर सुचवते. खोलीचं दार लावून पांघरुणाखाली मॉनिटर नेता येत नाही.

किती इंची घ्यावा?

21.5 ते 24 इंच, आणि रिझोल्यूशन (स्क्रीनवरचे आडवे आणि उभे ठिपके) 1920 गुणिले 1080, म्हणजे फुल एचडी. यापेक्षा लहान नको, मुलाच्या टेबलासाठी मोठाही नको.

स्वस्तात 18.5 किंवा 19 इंची मॉनिटर मिळतात, पण त्यातल्या बऱ्याच जणांचं रिझोल्यूशन 1366 गुणिले 768 असतं. इंग्रजी अक्षर त्यावर चालून जातं, देवनागरीची मात्र अडचण होते. आपल्या अक्षराच्या डोक्यावर रफार, मात्रा, अनुस्वार बसतात. पायाशी उकार आणि जोडाक्षराचा अर्धा भाग असतो. ठिपके कमी पडले की 'तत्त्व' मधला दुहेरी त आणि 'सूर्य' मधला रफार पुसट होतात, मूल अंदाजाने वाचायला लागतं. 18.5 इंचाच्या त्या मॉनिटरवर एका इंचात साधारण 85 ठिपके येतात, 21.5 इंची फुल एचडीवर 102. आणि 27 इंची स्क्रीन घेऊन रिझोल्यूशन फुल एचडीच ठेवलं तर ते 82 वर घसरतात. म्हणून "माज्या झिलाक मोठो व्हयो" म्हणणाऱ्या बाबांना मी 24 च्या पुढे जाऊ देत नाही.

दुकानात गेलात की समुद्राचे निळे व्हिडिओ बघू नका, ते कुठल्याही मॉनिटरवर छानच दिसतात. बालभारतीची पुस्तकं ई-बालभारतीवर फुकट उतरवून घेता येतात. तुमच्या मुलाच्या इयत्तेचं मराठीचं किंवा विज्ञानाचं पुस्तक पेनड्राइव्हवर टाकून न्या, 100 टक्क्यांवर उघडायला सांगा, आणि मुलाला हातभर अंतरावर बसवून एक परिच्छेद मोठ्याने वाचायला लावा. अडखळत असेल, पुढे झुकत असेल, तर तो मॉनिटर नको. मी स्वतः 'कर्त्या', 'वऱ्हाड', 'पंक्ती' हे तीन शब्द बघते.

पैसे किती लागतील?

नवीन, आयपीएस पॅनलचा (ते काय ते पुढच्या प्रश्नात सांगते), 22 इंची फुल एचडी मॉनिटर साधारण 6 ते 8 हजारांत येतो; 24 इंची 8 ते 11 हजारांत. सणासुदीला थोडा कमी. यापेक्षा फार स्वस्त दिसला तर पॅनल कुठलं आहे आणि वॉरंटी किती वर्षांची आहे ते विचारा. शिवाय हजार-दीड हजार बाजूला ठेवा: चांगला स्पाइक गार्ड (विजेचा अचानक येणारा दणका अडवणारा प्लगचा बोर्ड) आणि गरज पडली तर अर्थिंगची दुरुस्ती. मॉनिटरवरचे हजार रुपये कमी करा, पण इथले करू नका.

आयपीएस, व्हीए, टीएन यांत फरक काय?

ही पॅनलची, म्हणजे मॉनिटरमधल्या चित्र दाखवणाऱ्या पडद्याची, जात आहे. टीएन सगळ्यात स्वस्त, पण बाजूने किंवा खालून बघितलं की रंग उलटे-पालटे दिसतात. मूल खुर्चीत कधीच सरळ बसत नाही, आणि दोन भावंडं एका स्क्रीनसमोर बसतात, म्हणून टीएन नको. व्हीएमध्ये काळा रंग गडद येतो, सिनेमाला बरा. अभ्यासाला आयपीएस घ्या. कुठूनही बघा, अक्षर सारखंच दिसतं.

मुलगा 144 हर्ट्झ मागतोय. घेऊ?

नको. हर्ट्झ म्हणजे सेकंदाला चित्र किती वेळा बदलतं तो आकडा. वेगवान गेम खेळणाऱ्याला तो लागतो, आणि तेवढी चित्रं तयार करणारा कॉम्प्युटरही लागतो. अभ्यासाला 60 पुरतात. हल्ली साध्या मॉनिटरलाही 75 किंवा 100 मिळतात. मिळाले तर घ्या, पण त्यासाठी वेगळे पैसे मोजू नका.

डोळे बिघडतील का? 'निळा प्रकाश कमी' असं लिहिलेला घ्यावा का?

हा प्रश्न प्रत्येक आई विचारते, आणि विचारायलाच हवा.

स्क्रीनमधून येणारा निळा प्रकाश डोळ्याला इजा करतो असं अमेरिकेतली नेत्रतज्ज्ञांची मोठी संघटना म्हणत नाही. उन्हातला निळा प्रकाश त्याहून कितीतरी जास्त असतो. रात्री उशिरा उजेडाच्या स्क्रीनकडे बघत राहिलं तर झोप लांबू शकते, एवढं खरं. म्हणून ती सोय असली तर चांगलं, पण तिच्यासाठी दुप्पट किंमत देऊ नका. विंडोज आणि अँड्रॉइडमध्ये रात्री रंग पिवळसर करायची सोय फुकटच असते.

त्रास खरा होतो तो वेगळ्याच कारणांनी. माणूस एरवी मिनिटाला साधारण 15 वेळा पापण्या मिटतो, स्क्रीनसमोर हे 5 ते 7 वर येतं. डोळे कोरडे पडतात, चुरचुरतात. तोंडावर सोडलेल्या पंख्याने ते आणखी वाढतं, आणि आमच्याकडे मे महिन्यात पंखा तोंडावरच सोडलेला असतो. पंखा बाजूला वळवा. दर 20 मिनिटांनी 20 फूट लांबचं काहीतरी 20 सेकंद बघायचं, हा नियम मुलांना शिकवा. आमच्या क्लासला खिडकीतून समोरच्या आवाठातली एक माडाची झावळी दिसते; "झावळी" म्हटलं की सगळी पोरं मान वर करतात.

दुसरी गोष्ट चष्म्याच्या नंबरची. उघड्यावर, दिवसाच्या उजेडात खेळणाऱ्या मुलांमध्ये जवळचं दिसणं पण लांबचं धूसर होणं, हा त्रास कमी सुरू होतो, असं अनेक अभ्यासांतून पुढे आलं आहे. रोज दोन तास अंगणात किंवा किनाऱ्यावर जाऊ द्या. ते कुठल्याही महागड्या मॉनिटरमध्ये मिळत नाही.

लहान भावंडांचंही सांगते. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2019 च्या सूचनांप्रमाणे 2 ते 4 वर्षांच्या मुलाला बसून स्क्रीन बघण्याचा वेळ दिवसाला एका तासाच्या आत हवा, त्याहून लहानांना नकोच. मोठ्यासाठी घेतलेल्या मॉनिटरसमोर धाकट्याला भरवायला बसवू नका.

'फ्लिकर फ्री' म्हणजे काय? दुकानात कसं ओळखू?

काही मॉनिटर उजेड कमी करायचा म्हणजे मागचा दिवा वेगाने चालू-बंद करतात. डोळ्याला ते दिसत नाही, पण काहींचं डोकं दुखतं. ब्राइटनेस एकदम कमी करा, पांढरं पान उघडा, आणि मोबाइलचा कॅमेरा, जमल्यास स्लो मोशनवर, स्क्रीनसमोर धरा. मोबाइलमध्ये काळे पट्टे सरकताना दिसले तर दुसरा बघा.

आमचं घर समुद्राला लागून आहे. खाऱ्या हवेने मॉनिटर किती दिवस टिकेल?

नीट ठेवलात तर वर्षानुवर्षं टिकतो. माझ्या टेबलावर येणारे बहुतेक मॉनिटर स्क्रीनमुळे बिघडलेले नसतात. केबल ओढली की आत जोडणीच्या पिना हिरव्या झालेल्या दिसतात. तांब्यापितळेवर दमट खारं वारं बसलं की तो हिरवा थर येतो. कॉम्प्युटरचं चित्र मॉनिटरला नेणाऱ्या जुन्या पद्धतीच्या व्हीजीए केबलच्या 15 पिनांत हे फार होतं: स्क्रीन गुलाबी किंवा पिवळी पडते आणि लोक समजतात मॉनिटर गेला. केबल काढून, पिना कोरड्या मऊ ब्रशने साफ करून परत लावली की कित्येकदा रंग जागेवर येतो.

पावसाळ्यात मॉनिटर बंद ठेवून देऊ नका. जूनमध्ये शाळा सुरू होते, तरी काही घरांत 'वीज येते-जाते' म्हणून तो दोन-दोन महिने झाकून ठेवतात. चालू मॉनिटर थोडा गरम होतो आणि आतला दमटपणा बाहेर पडतो. वीज कडकडत नसेल त्या दिवशी तासभर तरी चालवा. झाकायला प्लास्टिक नको, आत पाणी धरतं; जुन्या सुती लुगड्याचं फडकं उत्तम. लाकडी कपाटात बंद करून ठेवू नका, श्रावणात कपड्यांना जी बुरशी येते तीच स्क्रीनच्या पापुद्र्यात शिरते आणि ती नंतर पुसता येत नाही.

आणि कुंभारीण. होय, भिंतीवर मातीचं घर बांधते ती. वापरात नसलेलं एचडीएमआयचं (चित्राच्या नव्या पद्धतीच्या केबलचं) भोक तिला अगदी मापाचं वाटतं. गेल्या पावसाळ्यात एका मॉनिटरच्या दोन्ही भोकांत वाळलेली माती होती, आत अळ्यांसाठी आणून ठेवलेले कोळी. लाकडी टूथपिकने, मॉनिटर आडवा-उलटा धरून, कण कण काढावी लागली. रिकाम्या भोकांवर कागदी चिकटपट्टी लावा. मागच्या जाळीतून मुंग्या आणि पालीची पिल्लंही शिरतात. मॉनिटरशेजारी बसून लाडू-चिवडा खाऊ नये, हे त्यासाठीच.

वीज पडली तर? व्होल्टेजचं काय?

दोन्ही वेगळे प्रश्न आहेत.

व्होल्टेज कमी-जास्त होणं मॉनिटरला बऱ्यापैकी सोसतं. मागच्या स्टिकरवर 'इनपुट' पुढे 100-240 व्होल्ट लिहिलेलं असेल तर वेगळा स्टॅबिलायझर लागत नाही. घेताना मी आणखी एक बघते: वीजपुरवठ्याचा डबा बाहेर, लॅपटॉपसारखा सुट्टा अडॅप्टर आहे का. असेल तर व्होल्टेजच्या दणक्यात आधी अडॅप्टर जातो, आणि तो काही शे रुपयांत बदलता येतो. डबा आत असला तर पाठ उघडावी लागते. नवा अडॅप्टर घेताना जुना सोबत न्या. कुणाचा 12 व्होल्टचा असतो, कुणाचा 14, कुणाचा 19; पिन बसली म्हणजे जुळला असं होत नाही.

विजेचं मात्र गंभीर आहे. मिरगाच्या आधीचा वळीव आणि ऑक्टोबरमधला परतीचा पाऊस, या दोन वेळांना माझ्याकडे जळलेल्या वस्तूंची रांग लागते. गडगडाट लांबून ऐकू आला की बटण बंद करून थांबू नका, प्लग भिंतीतून उपटा. स्पाइक गार्ड लहान दणके अडवतो, घराजवळ पडलेली वीज अडवत नाही. आणि इंटरनेटची वायर विसरू नका. एका घरात सगळे प्लग काढलेले होते, तरी कॉम्प्युटर आणि मॉनिटर दोन्ही गेले, कारण राउटरची तांब्याची लॅन केबल लागलेलीच होती; दणका त्या वाटेने आला आणि एचडीएमआयमधून मॉनिटरपर्यंत पोचला.

2021 च्या मे महिन्यात तौक्ते वादळात आमच्याकडे वीज कित्येक दिवस नव्हती. अशा वेळी लाइट आल्या आल्या काही लावू नका. सुरुवातीला ती येते, जाते, परत येते. अर्धा तास बल्ब स्थिर जळू दे, मग प्लग लावा.

कॉम्प्युटरच्या कॅबिनेटला हात लावला की मुंग्या येतात. मॉनिटर खराब आहे का?

मॉनिटर नाही, घराचं अर्थिंग खराब आहे. सड्यावरच्या, म्हणजे कातळाच्या पठारावरच्या, घरांत हे फार दिसतं. खाली जांभा, खड्डा पुरेसा खोल जात नाही, आणि एप्रिल-मेमध्ये जमीन कोरडी ठणठणीत होते. वायरमनला बोलावून अर्थिंग तपासून घ्या, उन्हाळ्यात त्या खड्ड्यात पाणी घालत राहा. मुलं अनवाणी लादीवर बसलेली असतात, तेव्हा हे काम पुढे ढकलू नका. तीन पिनांचा प्लग दोन पिनांच्या भोकात बसवायला वरची जाड पिन कापून टाकलेलीही मी पाहिली आहे. ती पिन म्हणजेच अर्थ.

सेकंडहँड घेतला तर चालेल?

चालेल, आणि पैशांची ओढाताण असेल तर मी स्वतःच सुचवते. मोठ्या ऑफिसांतून बदलून निघालेले चांगल्या कंपन्यांचे मॉनिटर 2 ते 4 हजारांत मिळतात. एलईडी बॅकलाइटचाच घ्या. त्याआधीच्या एलसीडीमध्ये बारीक ट्यूबलाइट असायची, ती पिवळी पडत जाते आणि तिच्यात पारा असतो.

तपासताना घाई नको. तो अर्धा तास चालू ठेवायला सांगा, कारण जुना वीजपुरवठा गरम झाल्यावरच नखरे करतो. मोबाइलमधून लाल, हिरवं, निळं, पांढरं, काळं अशी पाच साधी चित्रं नेऊन एकेक पूर्ण स्क्रीनवर लावा. पांढऱ्यावर बोटाने दाबल्यासारखे डाग, काळ्यावर कोपऱ्यातून गळणारा उजेड, कुठे न बदलणारा ठिपका दिसतो का बघा. मेनूची सगळी बटणं दाबा. मागच्या जाळीशी नाक नेऊन जळका वास येतो का पाहा, आणि जोडणीच्या पिना हिरव्या असतील तर तो मॉनिटर किनाऱ्यावरच राहिलेला आहे असं समजा.

मुंबईहून भावाने आणला तर?

लॅमिंग्टन रोडला भाव बरा मिळतो, हे खरं. पण वॉरंटीत तो परत न्यायचा झाला तर कोण नेणार, ते आधी ठरवा. प्रवासात मॉनिटर उभा ठेवायचा, आडवा टाकून त्यावर बॅगा ठेवायच्या नाहीत. गणपतीच्या गर्दीत खासगी बसच्या डिकीत आडवा आलेला मॉनिटर मी उघडला आहे. खोका शाबूत होता, आतली काच कोपऱ्यापासून तडकलेली. मूळ खोका आणि थर्माकोल वॉरंटी संपेपर्यंत माळ्यावर ठेवा.

ऑनलाइन घेऊ की कुडाळ-रत्नागिरीच्या दुकानातून?

फरक 500-700 रुपयांचा असेल तर दुकानातून. चालू करून, पुस्तक उघडून बघता येतं. ऑनलाइन घेतलात तर खोका उघडतानाचा व्हिडिओ न तोडता काढा. आमच्या एका विद्यार्थिनीच्या घरी फुटलेला पॅनल आला. व्हिडिओ नव्हता म्हणून विक्रेत्याने हात वर केले.

दोन्हीकडे तीन गोष्टी बघा. बऱ्याच कंपन्या मॉनिटरला 3 वर्षांची वॉरंटी देतात, तीच मागा. कंपनीचं सर्व्हिस सेंटर आपल्या जिल्ह्यात आहे का आणि माणूस घरी येतो का, हे कंपनीच्या नंबरवर तुमचा पिनकोड सांगून विचारा. आणि मागच्या स्टिकरवर बीआयएसचं (भारतीय मानक ब्युरोचं) चिन्ह व 'आर' ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक हवा. 'बीआयएस केअर' अॅपमध्ये तो टाकून खरा की खोटा ते बघता येतं. पक्कं बिल घ्या. थर्मल कागदावरचं बिल आमच्या हवेत वर्षभरात कोरं होतं, त्याच दिवशी फोटो काढा.

आमचा कॉम्प्युटर जुना आहे, त्याला फक्त व्हीजीए आहे. नवीन मॉनिटर त्याला जोडता येईल?

मॉनिटरलाच व्हीजीए असेल तर थेट लागेल, आणि स्वस्त मॉनिटरना ते अजून असतं. फक्त एचडीएमआय असेल तर 'व्हीजीए ते एचडीएमआय' कन्व्हर्टर घ्या. 'एचडीएमआय ते व्हीजीए' हा दिसायला तसाच असतो, पण उलटा चालत नाही. लोक हमखास चुकीचा आणतात.

मोबाइल मॉनिटरला जोडता येतो?

काही महाग मोबाइलना केबलने येतो, बहुतेक स्वस्त मोबाइलना येत नाही. दुकानात तुमचाच मोबाइल लावून बघितल्याशिवाय केबल घेऊ नका.

टीव्हीच मॉनिटर म्हणून वापरला तर?

व्हिडिओ बघायला ठीक. अभ्यासाला नको. 32 इंची स्वस्त टीव्हींपैकी बऱ्याच जणांचं रिझोल्यूशन तेच 1366 गुणिले 768 असतं, म्हणजे अक्षर मोठं पण फाटलेलं. आणि टीव्ही घरातल्या सगळ्यांचा असतो; मालिकेच्या वेळी मुलाचा अभ्यास उठतो.

घरात कुठे आणि कसा ठेवू?

पडवीत नको, तिथे झड येते. माजघर किंवा ओटीची आतली बाजू बरी. खिडकी मुलाच्या समोर नको, पाठीमागेही नको. डाव्या-उजव्या बाजूला हवी. कौलारू घरात काचेचं कौल असेल तर दुपारी त्याचा कवडसा कुठे पडतो ते एक दिवस बघा आणि मगच टेबल लावा. मॉनिटर चकचकीत नसलेला, मॅट काचेचा घ्या.

स्क्रीनची वरची कड मुलाच्या डोळ्यांच्या रेषेत किंवा किंचित खाली, अंतर 50 ते 70 सेंटिमीटर. मोठ्यांच्या टेबलावर आठ वर्षांच्या मुलाला मान वर करून बघावं लागतं आणि पाय लोंबकळतात. खुर्चीवर उशी, पायाखाली जेवायचा पाट. त्यापेक्षाही सोपं म्हणजे मॉनिटर चौरंगावर आणि मूल चटईवर मांडी घालून. उंची जुळली तर यात काही वावगं नाही. फक्त तो चौरंगाला दोरीने किंवा पट्टीने बांधा, रांगणारं भावंड केबल ओढतं.

विजेचं बिल वाढेल?

फारसं नाही. 22 इंची एलईडी मॉनिटर साधारण 20 वॅट घेतो. रोज तीन तास धरले तर महिन्याला दोन युनिटांच्या आतच.

स्क्रीन कशाने पुसू?

बंद करून, गार झाल्यावर, चष्म्याच्या मऊ कापडाने. समुद्राकाठी मिठाचा चिकट थर बसतो, तो कोरडा घासला तर ओरखडे उठतात. म्हणून कापड आधी साध्या पाण्याने जेमतेम ओलं करा. पाणी स्क्रीनवर फवारू नका, ते खाली ओघळून कडेत शिरतं. काच पुसायचा निळा द्रव, स्पिरिट, सॅनिटायझर यातलं काही नको, वरचा मॅट थर जातो.

जुना मॉनिटर कुठे टाकू?

भंगारवाल्याला देऊ नका आणि परसात तर टाकूच नका. जुन्या जाड काचेच्या मॉनिटरमध्ये शिसं असतं, आणि आपली विहीर परसातच असते. नवीन घेताना दुकानदाराला आणि कंपनीच्या नंबरवर 'ई-कचरा परत घेता का' असं विचारा. 2022 च्या नियमांनी ई-कचऱ्याच्या पुनर्वापराची जबाबदारी उत्पादकांवर टाकली आहे. चालू स्थितीत असेल तर आधी गावातल्या शाळेत विचारा. आमच्या क्लासमधल्या सहापैकी दोन मॉनिटर असेच आलेले आहेत, आणि पोरं अजून त्यांवर शिकतात.